किरकोळ खर्च

शनिवारची रात्र. उद्याचा संदेश तयार हवा,
पण टेबलावर विजेचं बिल आहे,
मिस ई. लॉकवुड यांच्या नावाचं.
बाई एकोणसत्तर साली बोटीने परत गेल्या,
तिकडेच वारल्या.
नाव बदलायचं तर वीजवाले
त्यांच्या मृत्यूचा दाखला मागतात.
तोवर बाई दर महिन्याला
चाळीस युनिट जाळतात.

बिलाखाली वार्षिक अहवाल.
रकाना तीन : सभासद संख्या.
गेल्या वर्षी बासष्ट लिहिले होते.
त्यातले थिओफिलच्या घरचे पाच जण चाकणला,
यशया खंडारे कब्रस्तानात,
सुगंधा मार्चपासून रुसून घरी.
रुसलेल्यांसाठी रकाना नाही.
मी बासष्ट खोडत नाही,
शेजारी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढतो.

मग कोंबडी.
कापणीच्या सणाला तूर आली, ज्वारी आली,
दोन पायल्या चणे,
आणि एक कोंबडी, कोणीतरी पहाटे दाराशी बांधून गेलेली,
जी लिलावाआधीच
व्यासपीठामागे अंडं घालून मोकळी झाली.
पंचकमिटीत पाऊण तास :
अंडं वेगळं अर्पण धरायचं, की कोंबडीतच?
खजिनदार एलियातात्या म्हणाले,
"ऑडिटरले का सांगसान?"
ऑडिटर यवतमाळला बसतो.
त्याने आमचं अंगणही पाहिलेलं नाही.

तेवढ्यात दारात दीनाबाई, हातात टॉर्च.
"श्रावणबाळचं कराचं हाय, पास्टर.
वयाचा कागद मांगते थो बाबू."

लोखंडी पेटीतून जुनं रजिस्टर काढतो.
दीना, बाप शमुवेल, वय बारा,
इथपर्यंत शाई आहे.
पुढे वाळवी.
साल, महिना, पाळकाची सही,
सगळ्याच्या जागी मातीची एक नळी.

"टाक ना एखांदी तारीख," ती म्हणते.
"शिक्का तं तुयाच हाय."

शिक्का माझाच आहे.
पॅड वाळलंय, पण दोन थेंब पाणी टाकलं की उठतो.
तहसीलीत कोण खोदून विचारणार?
मी पेनाचं टोपण काढतो.
परत लावतो.
"त्या दिवसाचं काही आठवतं का, बाई?"

"पाणी थंडं होतं.
तलावात उतरतानी मोठ्या पास्टरचं
मनगटावरचं घड्याळ काढाचंच राह्यलं.
मले बुडवून वर काढलं, अन् घड्याळ बंद.
माय महिनाभर भेली होती,
भरून द्या लागते का काय म्हणून."

रजिस्टर मिटतो. पेटीच्या तळाशी दुसरी वही आहे,
जिला वाळवीनेही तोंड लावलं नाही :
जमाखर्च.
रॉकेल. खडू. झाडू दोन.
बैलाचे नाल.
आणि किरकोळ खर्चात, २६ फेब्रुवारी १९६२, सोमवार :
घड्याळ दुरुस्ती, दिग्रस, सव्वातीन रुपये.

सोमवार.
म्हणजे आदल्या दिवशी रविवार.

सव्वातीन रुपये त्याला कोणी विचारले नसते.
तरी लिहिले, वळणदार,
खाली दोन रेघा मारून.

दाखल्यावर मी सगळं लिहितो,
वाळवी, तलाव, घड्याळ, वहीचा पान क्रमांक.
सहा ओळींचा नमुना संपून
मागच्या कोऱ्या बाजूवर जातो.
शिक्का अर्धाच उठतो, दुसऱ्यांदा मारतो.
बाबू मानेल की नाही, मला माहीत नाही.
दीनाबाई कागद राशनकार्डाच्या पिशवीत घालते,
उंबऱ्यावर थबकते.
"थे सव्वातीन रुपये
भराचे राह्यले का आता?"

अकरा वाजून गेले.
संदेशाचं पहिलं वाक्यही नाही.
टॉर्चचा उजेड सुगंधाच्या घरावरून जातो,
खुराड्याचं दार उघडं, आत काही नाही.
मी यंदाची वही ओढतो
आणि 'कोंबडी एक'च्या पुढे लिहितो :
तपकिरी. सुगंधाच्या घरून.
अंडं एक, वेगळं.